आधी बिंदू, मग कोन

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याभोवती टाउन हॉल, टपाल कचेरी, व्हिक्टोरिया मार्केट अशा इमारती आहेत आणि मध्यभागी पुतळा. समजा, या चौकाच्या संगणकीय आराखड्यात पुतळ्याचे तोंड फिरवायचे आहे. वस्तू सरकवली, तर तिचा प्रत्येक बिंदू एकाच दिशेने सारखेच अंतर जातो. तोंड बदलत नाही. फिरवण्यास मात्र कोनाबरोबर एक स्थिर बिंदूही लागतो. तो चौथऱ्याच्या मध्यावर धरला, तर पुतळा जागच्या जागी वळतो. तोच पश्चिमेस ४० मीटरांवर धरून ९० अंश फिरवले, तर पुतळा मूळ जागेपासून सुमारे ५७ मीटर दूर, कदाचित एखाद्या भिंतीतच जाऊन बसेल! संगणक हुकूम पाळतो, शहाणपण सांगत नाही. म्हणून जाणता आरेखक कोनाआधी बिंदू ठरवतो.