आडवी बाटली

मतपत्रिकेवर दोनच चित्रं. एक बाटली उभी, एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू दे, आडवीवर शिक्का म्हणजे बंद करा. उमेदवार नाही, पक्ष नाही. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही क्षणात उमगावं, इतकं सोपं. महाराष्ट्रात गावातलं परवान्याचं दारूदुकान मतदानाने बंद करायची ही सोय. तिचे २००८ सालचे नियम वाचताना मी एका आकड्यापाशी थबकलो.

किमान २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज करायचा. उत्पादन शुल्क खात्याचे अधिकारी सह्या पडताळतात, मग गुप्त मतदान होतं. इथवर सगळं ओळखीचं. पण निकाल पडलेल्या मतांवर ठरत नाही. यादीत जितक्या महिला मतदार, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला हवीत. समजा, यादीत ८०० जणी आहेत. ४०० आल्या आणि ४०० जणींनी आडवीवरच शिक्का मारला, तरी दुकान चालू राहतं! एक मत कमी पडलं. न आलेली प्रत्येक बाई नकळत उभ्या बाटलीच्या बाजूला मोजली जाते. वारलेल्या, पण यादीतून नाव न निघालेल्या सासूबाईसुद्धा.

मला ही अट जाचक वाटते. आमदार निवडताना आपण ती लावत नाही. पण तिच्यामुळेच दारूबंदीचं काम चार धडाडीच्या बायकांवर सोडून चालत नाही. ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, नवऱ्याच्या धाकाने दाराआड थांबलेली, प्रत्येकीपर्यंत कुणीतरी पोचावं लागतं. मतदानाच्या कितीतरी आधी गाव एकत्र यावं लागतं.

गडचिरोलीत तर बंद करायला परवान्याचं दुकानच नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग ज्या लोकचळवळीत होते, तिच्या रेट्याने १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. तरी दारू उरली, कारण तिथे तिचा कच्चा माल झाडावरून टपटपतो. मोहाचं फूल. सुकल्यावर त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. एरवी हेच फूल लोक आवडीने खातात. पण ड्रममध्ये पाण्यात भिजत घातलं, की डोळ्यांना न दिसणारं यीस्ट ती साखर फस्त करतं, त्यातून अल्कोहोल आणि वायू तयार होतो. खाली विस्तव नसताना ड्रम बुडबुडू लागतो! हा सडवा. पुढे तो तापवतात. पाण्याआधी, ७८ अंशांनाच अल्कोहोल उकळतं, म्हणून वाफेबरोबर ते आधी निघून येतं.

पण सडव्याला दिवस लागतात आणि त्याचा आंबूस वास लपत नाही. नाल्याकाठी पाल्याखाली दडवलेला ड्रम बायका हुडकून काढतात आणि उपडा करतात, दारू गाळली जाण्याआधीच. २०१६ मध्ये राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि बंग दांपत्याची ‘सर्च’ संस्था यांनी ‘मुक्तिपथ’ अभियान सुरू केलं, त्यात दारूबरोबर तंबाखू आणि सुपारी-तंबाखूचा खर्राही आला. गावागावांतल्या संघटना हा त्याचा कणा.

आणि ड्रम उपडा झाल्यावर, रोज पिणाऱ्याचं काय? दारू मेंदूला मंदावते. वर्षानुवर्षं ती मिळत राहिली, की मेंदू तोल सांभाळायला स्वतःला जास्त चेतवून ठेवतो. दारू अचानक तुटते, चेतवणं मात्र चालूच राहतं. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते, कुणाला झटकेही येतात. बाहेरून हट्ट वाटणारी गोष्ट म्हणजे तोल गेलेला मेंदू असतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून मुक्तिपथात गावातच उपचाराची शिबिरं भरतात. जिथे सडवा सांडला, तिथेच थरथरत्या हाताच्या माणसाला बसायला खुर्ची दिली जाते.