मुक्त कार्यालयीन आज्ञावली : दोन समुदायांतील कामाची वाटणी

भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून सर्वपरिचित आहे. साकोली तालुक्यातील सानगडी व तिच्या पंचक्रोशीतील धान उत्पादकाला तलावाविषयी दोन गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात उतरते, खालचे वर चढत नाही. आणि पाळीची डागडुजी वाटून घेतली नाही, तर एका पावसाळ्यात सर्वांचेच नुकसान होते. संगणकावरील मुक्त कार्यालयीन आज्ञावलींचा व्यवहार समजून घेण्यास या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

ग्रामसभेचे इतिवृत्त, कर आकारणीची नोंदवही, शाळेची प्रश्नपत्रिका हे सारे आता संगणकावर तयार होते. आज लिहिलेला ठराव वीस वर्षांनी दुसऱ्या संगणकावर उघडला पाहिजे आणि त्यातील मराठी अक्षर न् अक्षर जसेच्या तसे दिसले पाहिजे, ही प्रत्येक कार्यालयाची गरज आहे. ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता, सुधारता आणि वाटता येते, तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. तिच्यासाठी दर संगणकामागे परवाना शुल्क द्यावे लागत नाही. केंद्र शासनाने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे, तर २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले, त्यामागे हीच दृष्टी आहे.

एका मुळाच्या दोन शाखा

जर्मनीतील ‘स्टारऑफिस’ ही आज्ञावली १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने विकत घेतली आणि २००० मध्ये तिची संहिता ‘ओपनऑफिस’ या नावाने सर्वांसाठी खुली केली. २०१० च्या प्रारंभी सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. प्रकल्पाचे भवितव्य एका कंपनीच्या मर्जीवर राहू नये, या भूमिकेतून अनेक कार्यकर्ते २८ सप्टेंबर २०१० रोजी वेगळे झाले. त्यांनी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था व ‘लिब्रेऑफिस’ ही आज्ञावली जाहीर केली. पुढे जून २०११ मध्ये ओरॅकलने मूळ ओपनऑफिस अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपविले. अशा रीतीने एकाच मुळातून दोन समुदाय निर्माण झाले.

दोन्ही पुन्हा एकत्र का येत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे एक कारण परवान्यांत आहे. अपाचीचा परवाना सैल असल्याने तेथील संहिता लिब्रेऑफिसला घेता येते. मात्र लिब्रेऑफिसची संहिता त्याच्या परवान्याच्या अटींमुळे अपाचीला तशी घेता येत नाही. पाणी खाली उतरते, वर चढत नाही, ते असे. लिब्रेऑफिसमध्ये नव्या सोयी सातत्याने येत असतात; ओपनऑफिसच्या २०१४ नंतरच्या आवृत्त्या प्रामुख्याने दुरुस्तीच्या आहेत.

काय वेगळे, काय सामाईक

तेव्हा मूळ संहिता ज्याने त्याने सांभाळावी, हे ओघानेच आले. परंतु पाळ सामाईक असते. त्यातील पहिली बाब म्हणजे फाईलचे स्वरूप. ‘ओपन डॉक्युमेंट’ हे स्वरूप दोन्ही समुदायांच्या बाहेर, ओएसिस या मानक संस्थेत ठरते आणि २००६ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्यामुळे एका आज्ञावलीत लिहिलेला ठराव दुसरीत उघडतो. मात्र नव्या आवृत्तीतील काही बारकावे जुन्या आवृत्तीत गळू शकतात, हे ध्यानात ठेवावे. इतर आज्ञावलींच्या जुन्या फाईली वाचण्याचे कामही असेच वाटले गेले आहे. त्यासाठी २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉक्युमेंट लिबरेशन’ प्रकल्पाचे साहित्य लिब्रेऑफिसखेरीज इतर मुक्त आज्ञावलीही वापरतात.

दुसरी बाब शुद्धलेखन तपासणीची. दोन्ही आज्ञावली ‘हनस्पेल’ हे एकच तंत्र वापरतात. फायरफॉक्स हा न्याहाळकही तेच वापरतो. त्यात एक यादी मूळ शब्दांची आणि एक प्रत्ययांच्या नियमांची असते. मराठीत ‘तलाव’ या शब्दाची तलावाचा, तलावाला, तलावांमध्ये अशी अनेक रूपे होतात. ‘पाणी’चे सामान्यरूप ‘पाण्या’ होते. ही सर्व रूपे स्वतंत्र लिहीत बसण्यापेक्षा नियम नेमके केले, तर एकाच श्रमाचे फळ सर्व आज्ञावलींना मिळते.

तिसरी बाब अक्षरवळणाची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हा भेद दाखविणारा रफार मराठीची खास गरज आहे. ‘लोहित’सारखे मुक्त टंक दोन्ही आज्ञावलींत चालतात, म्हणून टंकातील एक दुरुस्ती दोहोंकडे पोहोचते.

चौथी बाब परिभाषेची. पडद्यावरील आज्ञांचे मराठीकरण प्रत्येक समुदायाला आपापले करावे लागते. पण एकीकडे ‘जतन करा’ आणि दुसरीकडे ‘साठवा’ असे झाले, तर वापरणारा गोंधळतो. वारंवार येणाऱ्या संज्ञा सर्व प्रकल्पांसाठी एकदाच ठरवाव्यात, या हेतूने २००८ मध्ये ‘फ्यूएल’ हा उपक्रम सुरू झाला व त्यात मराठीचाही समावेश झाला. राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही या कामी आधारभूत ठरू शकतात.

आपला वाटा

मराठीसाठी अशा कामाला लाभणारे हात मोजकेच आहेत. तेच काम दोनदा झाले, तर तिसरे काम राहून जाते. म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तपासणीत चुकीचे ठरविले जाणारे शुद्ध मराठी शब्द टिपून घ्यावेत. झाडीपट्टीतील गावांची नावे आणि शेतीचे शब्द यांची यादी सानगडीतील शिक्षकाइतकी अचूक दूरच्या शहरातील तंत्रज्ञ करू शकणार नाही. कार्यालयांनी युनिकोड टंक आणि खुले फाईलस्वरूप यांचा आग्रह धरावा. दोष आढळल्यास तो आज्ञावलीचा, टंकाचा की शब्दयादीचा, हे आधी पाहावे आणि ज्यांचे काम त्यांनाच कळवावे.

समुदाय दोन असले, तरी ज्या भाषेत ठराव लिहिला जातो ती भाषा एक आहे. तिची पाळ मजबूत राहिली, तर पाणी कोणत्याही पाटाने आले तरी शेतापर्यंत पोहोचेल.