पोलिसांना हांक मारणारे तीन अंक

संकट सांगून येत नाहीं; परंतु तें आल्यावर कोणास व कशी हांक मारावी, हें मात्र अगोदर ठाऊक असावें लागतें. दूरध्वनीवरून पोलिसांना बोलावण्यासाठीं एकच सोपा क्रमांक असावा, ही कल्पना आज साधी वाटते. ती कशी उदयास आली, तें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१० नोव्हेंबर १९३५ रोजीं लंडनमधील विंपोल स्ट्रीट येथें एका घरास आग लागली. एका शेजाऱ्यानें अग्निशामक दलास कळविण्यासाठीं तत्काळ दूरध्वनि उचलला. परंतु त्या काळीं शून्याचा अंक फिरवून केंद्रांतील मनुष्यास गांठावें लागे, आणि तेथील गर्दींत त्याची हांक तिष्ठत राहिली. त्या आगींत पांच स्त्रिया मृत्यु पावल्या. शेजाऱ्यानें 'टाइम्स' पत्रांत हें गाऱ्हाणें मांडलें, व सरकारनें समिति नेमिली. साधी हांक व प्राणसंकटाची हांक केंद्रांत सारखीच ऐकूं येते, हेंच अनर्थाचें मूळ होतें.

म्हणून ३० जून १९३७ पासून लंडनमध्यें ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो फिरवितांच केंद्रांत तांबडा दिवा लागे व भोंगा वाजे. पोलिस, अग्निशामक दल व रुग्णवाहिका या तिघांसाठीं हा एकच क्रमांक होता. पण नऊच कां? तारा एकमेकींस लागल्या तर १ हा अंक आपोआप फिरल्यासारखा होई. म्हणून १११ धोक्याचा. उलट ९ चें छिद्र शून्याशेजारींच असल्यामुळें अंधारांतहि चांचपून सांपडे. शिवाय नाण्याच्या पेटीवरून शून्य विनामूल्य फिरवितां येई. थोड्या फेरफारानें नऊलाहि ती सवलत देतां आली.

पुढें १९६८ सालीं अमेरिकेंत अलाबामा राज्यांतील हेलीव्हिल गांवीं ९११ सुरू झाला. आपल्याकडे पोलिसांसाठीं १०० हा क्रमांक पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. सर्व साहाय्यासाठीं ११२ या एकाच क्रमांकाचा आरंभ २०१८ सालीं हिमाचल प्रदेशांत झाला.

विद्यार्थिमित्रांनो, लंडनमध्यें पहिल्याच आठवड्यांत आलेल्या तेराशेंहून अधिक हांकांपैकीं ९१ निव्वळ थट्टेच्या होत्या! अशा एका थट्टेमुळें कोणाची तरी खरी हांक पुन्हां तिष्ठत राहूं शकते, हें ध्यानांत ठेवा. आणि खरा प्रसंग आलाच, तर न गोंधळतां प्रथम आपलें ठिकाण सांगा. कारण ठिकाण कळल्यावांचून साहाय्य निघणार तरी कोठें?