बकरीच्या गळ्यातली गाठ

बोईसरच्या बाजारातला एक खाटीक मला लांबून बघूनच हसायचा. मटण न घेता बकरीच्या गळ्यातली थायरॉईडची गाठ तेवढी मागून नेणारं गिऱ्हाईक त्याला दुसरं कोण मिळणार? मी तारापूरच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळेत नमुने गोळा करायचो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अशा प्रयोगशाळा देशातल्या प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ आहेत.

गाठच का? अणुभट्टीतून आयोडीन-१३१ निसटलंच, तर ते वाऱ्याबरोबर येऊन गवतावर बसतं. बकरी दिवसभर रानभर चरते आणि पोटात गेलेलं आयोडीन थायरॉईडमध्ये साठतं. म्हणजे बकरीच आमच्यासाठी नमुना गोळा करत हिंडत असते, तीही बिनपगारी. या आयोडीनचं अर्धायुष्य अवघं ८ दिवसांचं, म्हणजे दर ८ दिवसांनी ते निम्मं होतं. सापडलं तर ते अलीकडचंच असणार. गायीम्हशींचं दूधही यासाठीच तपासायचं, शिवाय ते लहान मुलांच्या पोटात जातं.

मासळीचं काम जास्त वेळखाऊ. किलोकिलोनं बोंबील घेतले की कोळणी विचारायच्या, "भाऊ, आज मशीनला जेवण काय?" मासळी वाळवून भट्टीत जाळली की मूठभर राख उरते. ती शिशाच्या जाड भिंतींआड, द्रव नायट्रोजननं थंड ठेवलेल्या डिटेक्टरवर रात्रभर ठेवायची. सकाळी आलेखावर एक शिखर हमखास दिसतं, ते पोटॅशियम-४०चं. ते निसर्गातलंच, दुधात, केळ्यात, आपल्या अंगातसुद्धा असतं. माणसाच्या शरीरात त्याचे दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू फुटत असतात. कधी सीझियम-१३७चा पुसट माग दिसतो. पण महासत्तांनी हवेत केलेल्या अणुचाचण्यांचं सीझियमही अजून मातीत आहे. म्हणून केंद्र सुरू होण्याआधीची मोजणी हाताशी लागते. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय अणुभट्टीचं किती आणि आधीचं किती, हे सांगता येत नाही.

निसर्गातून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतो. केंद्रामुळे बाहेरच्या माणसाला त्याखेरीज मिळू शकणारा डोस १ मिलिसिव्हर्टच्या आत राहिला पाहिजे, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे. आतल्या कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर नाही. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यातल्या चकत्या ठरावीक काळानं तापवतात. त्या जितक्या उजळतात तितका डोस. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या हवेसाठी धुराड्याआधी गाळण्या आणि कोळशाचे थर असतात. झेनॉन, क्रिप्टॉन गाळणीत अडकत नाहीत, त्यांना काही काळ रोखून क्षीण होऊ द्यावं लागतं.

माझा या मोजणीवर विश्वास आहे, कारण हातानं केली आहे. पण गावकऱ्यानं तो का ठेवावा? वीज बनवणारे आणि मोजणारे एकाच अणुऊर्जा विभागाचे. नियामक मंडळाला पुरेशी कायदेशीर स्वायत्तता नाही, असा ठपका महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्येच ठेवला होता. शिवाय लोकांची सगळी दुखणी किरणोत्साराची नाहीत. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. समुद्रात सोडलेलं कोमट पाणी, मासेमारीला बंद झालेला किनारा. यातलं काहीच माझ्या आलेखावर उमटत नसे. अशा तक्रारीला "डोस मर्यादेतच आहे" हे उत्तर देणं म्हणजे ऐकलंच नाही म्हणणं.

नियामक मंडळाच्या वार्षिक अहवालात प्रत्येक केंद्राचे आकडे छापून येतात, इंग्रजी-हिंदीत. केंद्राजवळच्या घिवली, दांडी, उच्छेळीच्या ग्रामसभांनी ते मराठीत मागावेत. आपल्याच गावचं दूध, पाणी, मासळी केव्हा तपासली आणि काय निघालं, हे प्रयोगशाळेच्या माणसाला समोर बसवून विचारा.