माहिती-वर्गीकरण, व्यावसायिक
उद्योगसंस्थेजवळील माहिती उघड झाल्यास कोणाची किती हानी होईल, हे पाहून तिची श्रेणी ठरविण्याची पद्धती. सामान्यतः सार्वजनिक, अंतर्गत, गोपनीय व अतिगोपनीय अशा श्रेणी मानतात. बँकेचे व्याजदर पहिल्या श्रेणीत, तर खातेदारांचे आर्थिक तपशील वरच्या श्रेणींत मोडतात. सर्वच कागदांवर ‘गोपनीय’ शिक्का मारण्याची कार्यालयीन सवय मात्र घातक होय. अशा शिक्क्याला अर्थ उरत नाही.

भारतात 2011 च्या नियमांनी पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्यस्थिती, बोटांचे ठसे इ. बाबी संवेदनशील ठरविल्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात (2023) असा निराळा वर्ग नाही. तथापि सुरक्षेचे वाजवी उपाय न योजल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. साहजिकच कोणत्या नोंदी अधिक जपावयाच्या, हे ठरविण्याचा भार संस्थेवरच पडतो.

हे काम दिसते तितके सोपे नाही. जन्मतारीख, लिंग व टपाल-संकेतांक हे तपशील सुटे असता निरुपद्रवी वाटतात. परंतु त्या तिहींच्या साहाय्याने अमेरिकेतील सु. 87 टक्के लोक ओळखता येण्याजोगे ठरतात, असा अंदाज लटान्या स्वीनी यांनी 1990 च्या जनगणनेवरून काढला. म्हणून एकेका रकान्याला श्रेणी देऊन भागत नाही, संपूर्ण तक्ता तपासावा लागतो. चाचणीसाठी वा अहवालासाठी काढलेल्या नकलांनाही मूळ नोंदींचीच श्रेणी लावावी लागते. व्यवहारात त्याच बहुधा दुर्लक्षित राहतात.