जुन्या वृक्षांच्या ढोलीतील रहिवासी : पोसिलोथेरिया कोळी

पावसाळी रात्री जुन्या झाडाच्या बुंध्यावर तळहाताएवढा, करड्या नक्षीचा केसाळ कोळी दिसला, की बहुधा प्रथम काठी शोधली जाते. हा कोळी ‘पोसिलोथेरिया’ या टॅरंटुला प्रजातीचा असू शकतो. फ्रेंच कोळीतज्ज्ञ यूजीन सिमोन यांनी १८८५ मध्ये वर्णिलेल्या या प्रजातीचे नैसर्गिक वास्तव्य जगात केवळ भारत व श्रीलंका येथेच आहे.

हे कोळी वृक्षवासी आहेत. चपट्या शरीरामुळे दिवसा ते ढोलीत किंवा सुटलेल्या सालीखाली सहज सामावतात. रात्री बुंध्यावर दबा धरून झुरळे, पतंग, भुंगेरे यांवर झडप घालतात. भक्ष्यासाठी जाळे विणत नाहीत. मादी दहा वर्षांहून अधिक जगू शकते. त्यामुळे एक प्रौढ मादी मारली गेल्यास अनेक वर्षांची वाढ क्षणात संपते.

‘पोसिलोथेरिया मेटॅलिका’ या निळ्या जातीची कथा बोधप्रद आहे. आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकूड आवारात सापडलेल्या नमुन्यावरून पोकॉक यांनी १८९९ मध्ये तिचे वर्णन केले. त्यानंतर शतकभर ती पुन्हा आढळली नाही. २००१ मध्ये ती नंद्याल व गिद्दलूर यांमधील जंगलात सापडली. गुत्तीचा नमुना लाकडाबरोबर रेल्वेने आला असावा, असे मानले जाते. वृक्षतोड व अत्यल्प अधिवास यांमुळे २००८ मध्ये तिची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ गटात झाली. पाळीव प्राण्यांच्या बाजारातील मागणी पाहता २०१९ मध्ये संपूर्ण प्रजाती ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट झाली.

डिवचल्यास हा कोळी पुढचे पाय उंचावतो. तो इशारा समजून मागे सरावे. दंशाने तीव्र वेदना, सूज व स्नायूंत पेटके येतात. पेटके कधी काही दिवस टिकतात. मृत्यूची खात्रीशीर नोंद नसली, तरी जखम साबण-पाण्याने धुऊन रुग्णास त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. जखम कापणे किंवा चोखणे टाळावे.

बांधावरील जुनी चिंच, फणस, आंबा तोडण्यापूर्वी ढोली पाहाव्यात. शक्य असल्यास असे एखादे झाड राखावे. सरपण उचलताना हातमोजे वापरावेत. घरात आलेला कोळी रुंद तोंडाच्या बरणीत अलगद घेऊन जवळच्या जुन्या झाडावर सोडावा. विस्तार कार्यकर्त्यांनी शिवारफेरीत एवढे सांगितले, तरी माणूस आणि कोळी दोघेही सुरक्षित राहतील.