तिचं नॉर्मल काय?

शनिवारची रात्र. पिझ्झा, कार्टून आणि मी एकदम ‘कूल मावशी’ मूडमध्ये. ताई आणि जिजू एका लग्नाहून रात्रीच्या फ्लाइटने परतणार होते. तोपर्यंत चार वर्षांची भाची माझ्या ताब्यात. तिच्या डोक्यात शंट आहे, एवढं मला माहीत होतं. हायड्रोसेफॅलसमुळे मेंदूत साचणारं पाणी पोटात सोडणारी ही बारीक नळी. बाकीचं सगळं ताईला पाठ!

साडेदहाला पहिली उलटी झाली. अकराला दुसरी. मी पिझ्झ्याला शिव्या घातल्या. मग ती नको तेवढी पेंगायला लागली, तशी माझी तंतरली. रिक्षा पकडून थेट कॅज्युअल्टी गाठली.

‘शंट’ हा शब्द ऐकताच डॉक्टर सावध झाले आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. शंट कधी बसवला? आधी कधी ब्लॉक झाला होता? औषधं कोणती? वजन किती? जुना स्कॅन आहे? आणि शेवटी, एरवी ती कशी असते? तिचं नॉर्मल काय?

माझा पेपर कोरा! ताईचा फोन बंद, कारण ती विमानात.

सीटी स्कॅन लगेच झाला. पण मेंदूतल्या पोकळ्या आज मोठ्या झाल्यात की तिच्या नेहमीच तशा असतात, हे जुना स्कॅन बघितल्याशिवाय कसं कळणार? तो ताईच्या कपाटात, कुलपात. पाऊण तासाने फोन लागला. ‘अगं, मागच्या वेळीही अस्संच झालं होतं!’ ताई ओरडलीच. जिजूंच्या ईमेलमधून जुना स्कॅन आला आणि पहाटे ऑपरेशन झालं. आज बाईसाहेब टीव्हीच्या रिमोटसाठी माझ्याशी भांडतात. पण तो पाऊण तास मी विसरणार नाही.

अशा मुलांची गोम हीच आहे. त्यांचं नॉर्मल वेगळं असतं. हृदयात जन्मजात दोष असलेल्या काही मुलांचं ऑक्सिजन सॅच्युरेशन एरवीही ८०-८५ च्या घरात असतं. नव्या डॉक्टरांना तो आकडा बघून धडकी भरणारच. स्पायना बायफिडा असलेल्या मुलांना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असू शकते, म्हणजे डॉक्टरांचे ग्लोव्हजसुद्धा बघून घ्यावे लागतात. अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम करत नसेल, तर उलट्या थांबत नसताना हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन वेळेवर मिळण्यावर जीव अवलंबून असतो. हे सगळं आईला तोंडपाठ असतं. पण आई नेमकी मीटिंगमध्ये, लोकलमध्ये नाहीतर विमानात असली तर?

यावरचा उपाय अगदी साधा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनांनी १९९९ मध्ये मिळून अशा मुलांसाठी एक फॉर्म सुचवला, ‘इमर्जन्सी इन्फर्मेशन फॉर्म’. फंडा सोपा आहे. मुलाला कधीही न पाहिलेल्या डॉक्टरांना मिनिटभरात मूल समजलं पाहिजे. आपल्याकडेही नेहमीच्या डॉक्टरांसोबत बसून असा कागद सहज करता येतो.

कागदावर काय हवं?

* आजाराचं नाव, झालेली ऑपरेशन्स, बसवलेली उपकरणं, तारखांसकट.
* मुलाचं नॉर्मल : सॅच्युरेशन, नाडी, बोलतं का, चालतं का, दुखलं तर कसं सांगतं.
* वजन आणि ते कधी केलं ती तारीख. मुलांचे डोस किलोच्या हिशेबाने ठरतात.
* औषधं, डोस, अ‍ॅलर्जी आणि ‘हे अजिबात देऊ नका’ अशा गोष्टी.
* नेहमी येणारं संकट आणि पहिलं पाऊल. उदाहरणार्थ, फिट पाच मिनिटांत थांबली नाही, तर डॉक्टरांनी सांगितलेलं कोणतं औषध, किती आणि कसं द्यायचं.
* स्पेशालिस्टचा नंबर आणि कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं. जवळच्या हॉस्पिटलमध्ये न्यूरोसर्जन असेलच असं नाही!

एक कॉपी फ्रिजवर, एक शाळेच्या दप्तरात, एक आजीच्या पर्समध्ये आणि फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. नुसत्या मोबाइलवर विसंबू नका, बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. जुने स्कॅनही दोघा-तिघांकडे ठेवा. औषध बदललं किंवा ऑपरेशन झालं, की कागद नवा करा. आणि माझ्यासारखी रिक्षा शोधत बसू नका, १०८ लावा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही अ‍ॅम्ब्युलन्स मोफत मिळते.

आता ताईच्या फ्रिजवर कागद चिकटलाय. येत्या शनिवारी परत मावशी ड्यूटी आहे आणि पिझ्झाही ठरलाय. पण ताई दाराबाहेर पडायच्या आधी मी तो कागद तिच्यासमोर मोठ्याने वाचणार आहे. अक्षर न अक्षर.